थ्रीडी पीडीएफ म्हणजे काय? फिरवून पाहता येणारं डिझाइन एकाच फाइलमधून कसं पाठवतात?

व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. फोनवर उघडली की एखाद्या मशीनच्या भागाचं साधं चित्र दिसतं. तीच फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये उघडून चित्रावर क्लिक केलं, तर तो भाग माउसने फिरवता येतो, आतून कापून पाहता येतो आणि त्याचा एकेक तुकडा लपवता किंवा दाखवता येतो. फाइल दोन्हीकडे एकच असते, पण फोनवर निर्जीव दिसलेलं चित्र कॉम्प्युटरवर जिवंत होतं. या प्रकाराला थ्रीडी पीडीएफ म्हणतात.

इंजिनिअरिंग, बांधकाम, संशोधन आणि संरक्षण क्षेत्रात अशा फाइल्स वीस वर्षांपासून वापरात आहेत. तरीही त्या नेमक्या कशा चालतात, कुठे उघडतात, कुठे फसवतात आणि त्यातून काय बाहेर जाऊ शकतं, याची माहिती अनेकांना नसते. ती या लेखात पाहू.

गरज का पडली?

कोणतीही वस्तू कागदावर दाखवायची तर तिची समोरची, वरची आणि बाजूची अशी वेगवेगळी दृश्यं काढावी लागतात. ती वाचून डोक्यात वस्तू उभी करणं हे शिकून येणारं कौशल्य आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्याला ते जमतं. पण ग्राहक, खरेदी विभाग, हिशेब पाहणारा माणूस किंवा घरमालक यांना ते जमेलच असं नाही.

शिवाय दृश्यं मांडण्याच्या पद्धतीही दोन आहेत. भारतात आणि युरोपात साधारणपणे ‘फर्स्ट अँगल’ पद्धत वापरतात, तर अमेरिकेत ‘थर्ड अँगल’. एका पद्धतीत वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, दुसऱ्या पद्धतीत ते वर काढतात. डाव्या-उजव्या बाजूचंही तसंच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न पाहता अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग आपल्या सवयीने वाचलं, तर जॉब आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा तयार होऊ शकतो. माप बरोबर, मटेरियल बरोबर, पण भोक भलत्या बाजूला. असा माल भंगारात जातो.

फिरवता येणारं मॉडेल पाठवलं तर हा गोंधळ टळतो. पण मूळ मॉडेल उघडायला सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, इन्व्हेंटर यांसारखं सॉफ्टवेअर लागतं. त्याचं लायसन्स महाग असतं आणि एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात नीट उघडेल याची खात्री नसते. जुन्या आवृत्तीत तर नव्या आवृत्तीची फाइल बहुतेकदा उघडतच नाही. पीडीएफ वाचक मात्र जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर असतो. म्हणून मॉडेल पीडीएफमध्येच बसवण्याची कल्पना पुढे आली.

थोडा इतिहास

पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. कागद जसा दिसतो तसाच तो कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसावा, एवढाच त्याचा मूळ हेतू होता.

थ्रीडीसाठी आधी एक सामाईक भाषा हवी होती. त्यासाठी इंटेल, बोइंग, एचपी, ॲडोबी, बेंटली अशा कंपन्या ‘थ्रीडी इंडस्ट्री फोरम’ या गटात एकत्र आल्या आणि त्यांनी ‘युनिव्हर्सल थ्रीडी’ म्हणजेच ‘यूथ्रीडी’ हा फॉरमॅट तयार केला. एक्मा इंटरनॅशनल या मानक संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये त्याला ‘एक्मा ३६३’ हे मानक म्हणून मान्यता दिली. लगेचच ॲक्रोबॅट ७ सोबत आलेल्या पीडीएफ १.६ या आवृत्तीत थ्रीडी मॉडेल बसवण्याची सोय झाली. २००६ मध्ये ॲडोबीने खास या कामासाठी ‘ॲक्रोबॅट थ्रीडी’ नावाचं उत्पादन आणलं.

त्याच वर्षी ॲडोबीने फ्रान्समधली ‘ट्रेड अँड टेक्नॉलॉजीज फ्रान्स’ ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडे ‘पीआरसी’ हा दुसरा फॉरमॅट होता आणि तो इंजिनिअरिंगच्या अचूक मॉडेलसाठी जास्त सोयीचा होता. २००७ पासून ॲक्रोबॅटमध्ये पीआरसीही चालू लागला आणि २०१४ मध्ये त्याला ‘आयएसओ १४७३९-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळालं. पीडीएफ स्वतः २००८ मध्ये ‘आयएसओ ३२०००’ या नावाने खुलं मानक झालं होतंच.

पुढे ॲडोबीने या कामातून हळूहळू हात काढून घेतला. ॲक्रोबॅटमध्ये थ्रीडी फाइल पाहण्याची सोय राहिली, पण वेगवेगळ्या कॅड फाइल्सपासून थ्रीडी पीडीएफ बनवण्याचं काम इतर कंपन्यांच्या प्लग-इनकडे आणि खुद्द कॅड सॉफ्टवेअरकडे गेलं.

फाइलच्या आत नेमकं काय असतं?

साध्या पीडीएफच्या पानावर अक्षरं आणि चित्रं असतात. थ्रीडी पीडीएफमध्ये त्याच पानावर एक चौकट आखलेली असते. त्या चौकटीमागे या गोष्टी साठवलेल्या असतात:

• मॉडेल: यूथ्रीडी किंवा पीआरसी स्वरूपातला वस्तूचा भौमितिक तपशील.

• पोस्टर: मॉडेल सुरू होण्याआधी दिसणारं स्थिर चित्र. फोनवर दिसतं ते हेच. प्रिंट काढल्यावरही कागदावर एखादं स्थिर चित्रच उमटतं.

• ठरवून ठेवलेली दृश्यं: समोरून, वरून, कापून, सुटे भाग वेगळे करून वगैरे. एका क्लिकवर त्या दृश्याकडे जाता येतं.

• भागांची यादी: मॉडेल ट्री. यात प्रत्येक सुट्या भागाचं नाव असतं आणि तो लपवता किंवा दाखवता येतो.

• सूचना: मॉडेल कधी सुरू व्हावं, म्हणजे क्लिक केल्यावर की पान उघडताच. काही फाइल्समध्ये जावास्क्रिप्टचे छोटे प्रोग्रामही असतात. त्यामुळे पानावरच्या तक्त्यातल्या ओळीवर क्लिक केलं की मॉडेलमधला तोच भाग उजळतो.

बाकीचं पान नेहमीसारखंच असतं. त्यावर मजकूर, मापांचा तक्ता, कंपनीचा लोगो, मंजुरीची सही, फॉर्म असं काहीही ठेवता येतं. मॉडेल, माहिती आणि मंजुरी एकाच फाइलमध्ये राहते, हा थ्रीडी पीडीएफचा खरा फायदा.

जाळी की अचूक पृष्ठभाग? इथेच मेख आहे

थ्रीडी मॉडेल साठवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत पूर्ण पृष्ठभाग छोट्या छोट्या त्रिकोणांनी झाकतात. त्याला मेश किंवा जाळी म्हणतात. दुसरीत वर्तुळ म्हणजे वर्तुळच, दंडगोल म्हणजे दंडगोलच, अशी गणिती व्याख्या साठवतात. यूथ्रीडी फाइल्स मुख्यतः जाळीवर चालतात. पीआरसीमध्ये जाळी आणि अचूक भूमिती दोन्ही ठेवता येतात.

पाहण्यासाठी जाळी पुरेशी असते, मोजण्यासाठी ती धोक्याची ठरू शकते. एक साधं उदाहरण घेऊ. १०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ २४ सरळ बाजूंनी दाखवलं, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १०० मिलिमीटरच भरतं. पण सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत मोजलं तर ते सुमारे ९९.१४ मिलिमीटर येतं, म्हणजे जवळपास ०.८६ मिलिमीटरचा फरक. बाजू ७२ केल्या तर फरक साधारण ०.१ मिलिमीटरवर येतो, पण फाइल जड होते. बेअरिंग बसवायच्या भोकासाठी ०.१ मिलिमीटरचा फरकही फार मोठा आहे.

म्हणून नियम सोपा आहे: थ्रीडी पीडीएफवर माउसने मोजलेलं माप जॉब करायला वापरू नये. मॉडेलवर किंवा सोबतच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि टॉलरन्स हेच खरं धरावं. काही कंपन्या मापं, टॉलरन्स आणि फिनिशच्या खुणा थेट मॉडेलवरच लावतात. या पद्धतीला ‘मॉडेल बेस्ड डेफिनिशन’ म्हणतात. तिचे नियम अमेरिकेतल्या एएसएमई संस्थेच्या ‘वाय १४.४१’ या मानकात २००३ पासून आहेत. अशा मॉडेलची थ्रीडी पीडीएफ काढली की मापं मॉडेलसोबतच फिरतात.

कुठे कुठे वापरतात?

उत्पादन उद्योग: सुट्या भागांच्या पुरवठादाराला कोटेशनसाठी मॉडेल दाखवणं, जोडणीच्या सूचना देणं, तपासणीचा अहवाल पाठवणं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवणारा असो की चाकणच्या शॉपमधला व्हीएमसी ऑपरेटर, कॅडचं लायसन्स नसतानाही त्याला वस्तू सगळ्या बाजूंनी पाहता येते.

संरक्षण: अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘एमआयएल-एसटीडी-३१०००ए’ या २०१३ च्या मानकात तांत्रिक माहितीच्या संचात थ्रीडी पीडीएफचा नमुना दिलेला आहे. रणगाड्याचा किंवा विमानाचा भाग अनेक दशकं वापरात राहतो, त्याची माहितीही तेवढी वर्षं वाचता यायला हवी, हा त्यामागचा विचार.

संशोधन: १ जानेवारी २००९ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात ॲलिसा गुडमन आणि सहकाऱ्यांचा ताऱ्यांच्या निर्मितीवरचा शोधनिबंध आला. त्याच्या पीडीएफमध्ये पर्सियस या भागातल्या वायूच्या ढगाचं मॉडेल वाचकाला स्वतः फिरवून पाहता येत होतं. जीवशास्त्रात प्रथिनांची रचना आणि लहान प्राण्यांचे अवयव दाखवायलाही संशोधकांनी ही पद्धत वापरली आहे.

बांधकाम आणि प्लांट: पाइपलाइन, पूल, कारखान्याची मांडणी ग्राहकाला समजावण्यासाठी. बेंटलीच्या मायक्रोस्टेशनमधून अशा फाइल्स थेट काढता येतात.

थ्रीडी पीडीएफ कशी उघडायची?

कॉम्प्युटरवर ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर हा मोफत प्रोग्राम घ्यावा आणि फाइल आधी डाउनलोड करून मगच उघडावी. क्रोम, एज, फायरफॉक्समध्ये किंवा मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडली तर नुसतं पोस्टर दिसतं, किंवा चौकट रिकामी दिसते. फाइल खराब आहे असं समजून अनेक जण ती पुन्हा मागवतात. खरं तर फाइल ठीक असते, वाचक चुकीचा असतो.

रीडरमध्येही थ्रीडी सुरुवातीला बंद ठेवलेलं असतं. पानावर पिवळी पट्टी येते आणि या फाइलवर विश्वास ठेवायचा का, असं विचारलं जातं. ‘फक्त या वेळेपुरता’ आणि ‘कायमचा’ असे दोन पर्याय असतात. पट्टी आली नाही, तर विंडोजवर एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘थ्रीडी अँड मल्टिमीडिया’ या विभागात थ्रीडी सुरू करण्याची खूण करावी.

त्यानंतर चित्रावर क्लिक करावं. माउस दाबून ओढला की मॉडेल फिरतं आणि चाक फिरवलं की जवळ-लांब होतं. चौकटीतल्या टूलबारवर मूळ दृश्याकडे परतण्यासाठी घराचं चिन्ह असतं. तिथेच भागांची यादी, पारदर्शक किंवा फक्त रेषांचं दृश्य आणि काप घेण्याची सोय सापडते.

फोनवरच्या ॲडोबीच्या ॲपमध्ये मॉडेल फिरत नाही. खास थ्रीडी पीडीएफ उघडणारी काही वेगळी ॲप मिळतात, पण ती प्रत्येक फाइल नीट दाखवतीलच असं नाही.

कशी बनवायची?

सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये थ्रीडी पीडीएफ म्हणून सेव्ह किंवा एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय असतो. ॲक्रोबॅट प्रोसाठी टेट्राफोरडी कंपनीचा कन्व्हर्टर हा प्लग-इन मिळतो. मोफत मार्ग हवा असेल तर मेशलॅबमधून मॉडेल यूथ्रीडीमध्ये काढता येतं आणि लेटेक वापरणारे ‘मीडिया९’ या पॅकेजने ते पीडीएफमध्ये बसवू शकतात. गणिती आकृत्यांसाठी असिम्प्टोट हा मोफत प्रोग्राम थेट पीआरसी तयार करतो.

पाठवण्याआधी या गोष्टी तपासाव्यात:

• पोस्टर स्पष्ट आहे ना? समोरच्याने फोनवरच पाहिलं तरी निदान वस्तू कळली पाहिजे.

• पानावर एक ओळ लिहिली आहे ना? ‘ही फाइल कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये उघडा’ एवढं पुरतं.

• व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी. जीमेलवर २५ एमबीची मर्यादा लक्षात ठेवावी.

• फाइल जड झाली म्हणून ती ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नये. तसं केलं की मॉडेल निघून जातं आणि चित्र तेवढं उरतं. वजन कमी करायचं तर जाळी थोडी विरळ करून पुन्हा एक्स्पोर्ट करावं.

सुरक्षेचा प्रश्न: पिवळी पट्टी कशासाठी?

डिसेंबर २०११ मध्ये ॲडोबी रीडरमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली. यूथ्रीडी मॉडेल वाचणाऱ्या भागातच ती होती. खास बनवलेली पीडीएफ उघडली की हल्लेखोराला कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. त्रुटी कळवणाऱ्यांमध्ये लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीचं सुरक्षा पथक होतं आणि तोपर्यंत निवडक लक्ष्यांवर तिचा प्रत्यक्ष वापरही सुरू झाला होता. ॲडोबीने रीडर ९ साठी १६ डिसेंबर २०११ रोजी दुरुस्ती दिली. रीडर १० मध्ये संरक्षक कवच आधीच होतं, त्यामुळे त्याची दुरुस्ती जानेवारी २०१२ मध्ये आली.

थ्रीडी मुळात बंद ठेवण्यामागे हाच प्रकारचा धोका आहे. मॉडेल वाचणारा प्रोग्राम गुंतागुंतीचा असतो आणि त्यात फटी राहू शकतात. म्हणून रीडर अपडेट ठेवावा, अनोळखी फाइलला परवानगी देऊ नये आणि ‘कायमचा विश्वास’ फक्त खात्रीच्या ठिकाणाहून आलेल्या फाइललाच द्यावा.

डिझाइन चोरीला जाऊ शकतं का?

हो. पीडीएफ म्हणजे फक्त पाहण्याची प्रत, हा समज थ्रीडीच्या बाबतीत चुकीचा आहे. फाइलमध्ये मॉडेल असतंच आणि योग्य सॉफ्टवेअरने ते बाहेर काढता येतं. पीआरसीमध्ये अचूक भूमिती ठेवली असेल, तर जवळपास मूळ आकारच समोरच्याच्या हाती जातो. मेश असेल तरी थ्रीडी प्रिंट काढण्याइतका आकार मिळू शकतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मॉडेलमधला भाग लपवला म्हणजे तो फाइलमधून गेला असं होत नाही. समोरचा माणूस भागांच्या यादीत जाऊन तो पुन्हा दाखवू शकतो. गिअरबॉक्सचं फक्त कव्हर दाखवायचं असेल, तर आतले गिअर लपवून चालत नाही, एक्स्पोर्ट करण्याआधी ते काढूनच टाकावे लागतात. भागांच्या नावांतूनही ग्राहकाचं किंवा प्रोजेक्टचं नाव फुटू शकतं.

पासवर्ड लावता येतो, पण ज्याला फाइल उघडायला पासवर्ड दिला त्याच्यासाठी तो अडसर राहत नाही. कोटेशनसाठी पाठवताना विरळ जाळीचं, आतले भाग काढलेलं मॉडेल पुरेसं असतं. अचूक मॉडेल ऑर्डर आणि गोपनीयतेचा करार झाल्यावर द्यावं.

दुसरे पर्याय कोणते?

समोरच्याला मॉडेलवर पुढे काम करायचं असेल तर ‘स्टेप’ फाइल द्यावी. थ्रीडी प्रिंटसाठी ‘एसटीएल’ किंवा ‘थ्रीएमएफ’ चालते. ग्राहकाला फोनवर दाखवायचं असेल तर ‘जीएलबी’ फाइल किंवा वेब लिंक सोयीची पडते. आयफोनवर ‘यूएसडीझेड’ फाइल कॅमेऱ्यातून थेट खोलीत ठेवल्यासारखी दिसते.

मग थ्रीडी पीडीएफ कशासाठी? वेब लिंक आज उघडते, पण सेवा बंद झाली की मॉडेलही गेलं. इंटरनेट नसलेल्या शॉपमध्ये ती उघडतही नाही. पीडीएफ ही स्वतःपुरती पूर्ण फाइल आहे. सही, तारीख, मजकूर आणि मॉडेल एकत्र जपायचं असेल तर ती अजूनही उपयोगी ठरते. दीर्घकाळ जतन करण्यासाठीच्या पीडीएफ मानकातही २०२० मध्ये ‘पीडीएफ/ए-४ई’ हा उपप्रकार आला आणि त्यात थ्रीडी मॉडेलला जागा आहे.

थोडक्यात प्रश्नोत्तरं

थ्रीडी पीडीएफ पाहायला पैसे लागतात का? नाही. कॉम्प्युटरवर मोफत ॲडोबी रीडर पुरतो.

फोनवर नुसतं चित्र दिसलं तर फाइल खराब आहे का? नाही. ते पोस्टर आहे. फाइल कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

त्यावरून जॉब करावा का? आकार समजून घेण्यासाठी जरूर वापरावी. माप मात्र लिहिलेलंच धरावं आणि शंका असेल तर पाठवणाऱ्याला विचारावं.

गुप्त डिझाइन पाठवायला ती सुरक्षित आहे का? जे समोरच्याला मिळू नये, ते फाइलमध्ये ठेवूच नये. लपवलेला भागही फाइलसोबत जातोच.